सेंटर स्पीकर निवडायचा तो दिवाणावर बसणाऱ्याच्या कानाने

प्रश्न नाशिकहून आला आहे, सोबत हॉलचा मापांसह नकाशा आणि फोटो. थोडक्यात असा: हॉल ११ बाय १६ फूट. भिंतीवर ५५ इंची टीव्ही, त्याखाली सुताराकडून करून घेतलेलं टीव्ही युनिट. एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा) आहे, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना साडेसहा इंची वूफरचे (खालच्या पट्टीचा मोठा पडदा) बुकशेल्फ स्पीकर, मागे दोन छोटे सराउंड, कोपऱ्यात सबवूफर. सेंटर, म्हणजे टीव्हीच्या मध्यरेषेत ठेवायचा संवादांचा स्पीकर, अजून घेतलेला नाही. तक्रार अशी की मारामारी सुरू झाली की शेजारी भिंत ठोकतात, आणि दोन माणसं शांतपणे बोलायला लागली की डाव्या भिंतीलगतच्या दिवाणावरून बाबा विचारतात, "काय म्हणाला रे तो?" दुकानदाराने एक लांबलचक सेंटर दाखवलाय, मधोमध ट्वीटर (उंच पट्टीचा छोटा घुमट) आणि दोन्ही अंगांना दोन-दोन वूफर. युनिटमधला मधला खण ८ इंच उंच, स्पीकर ७ इंच. "अगदी मापात बसतोय. घेऊन टाकू का? आणि टीव्हीच्या खाली ठेवू की वर?"

नका घेऊ. तो तर नकोच, आणि त्या खणात कुठलाच नको. खणात मापात बसणं हे सेंटर निवडण्याचं सगळ्यात वाईट कारण, आणि सगळ्यात जास्त घरांत निवड होते ती नेमकी याच कारणावरून. सुताराने सनमायका लावून झाला की मग स्पीकर शोधायला निघायचं, ही आपल्याकडची रीतच पडली आहे.

पण खरेदीआधी पाच मिनिटांचं एक काम करा. रिसीव्हरच्या स्पीकर सेटिंगमध्ये जा आणि सेंटरच्या पुढे काय लिहिलंय ते बघा. सेंटर जोडलेलाच नाही आणि तिथे तो 'स्मॉल' किंवा 'लार्ज' म्हणून नोंदलेला असेल, तर रिसीव्हर इमानेइतबारे सगळे संवाद त्या नसलेल्या स्पीकरकडे पाठवत बसतो. तुम्हाला ऐकू येतात ते बाजूच्या स्पीकरमध्ये उरलेले चुकार आवाज. तिथे 'नन' (None, म्हणजे सेंटर नाही) करा, म्हणजे सेंटरचा माल डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटला जाईल. मी बघितलेल्या कितीतरी "संवाद कळत नाहीत" तक्रारी एवढ्यावरच निम्म्या झाल्या आहेत. बाबांना लगेच फरक जाणवला तर छानच, पण तेवढ्यावर थांबू नका.

मुळात सेंटर लागतो कशाला? सोफ्याच्या बरोबर मध्ये बसलात तर दोन स्पीकरांतूनही माणूस पडद्याच्या मध्यातून बोलल्यासारखा वाटतो. दोन्हीकडून सारखाच आवाज एकाच वेळी कानावर पडतो आणि मेंदू त्याची जागा मध्ये ठरवतो. आता दोन फूट डावीकडे सरका. तुमचे स्पीकर एकमेकांपासून साडेसहा फुटांवर आणि सोफा दहा फुटांवर धरला, तर डावा स्पीकर तुमच्यापासून दहा फुटांच्या जरासा पुढे येतो आणि उजवा जातो सव्वाअकरा फुटांपलीकडे. फरक सव्वा फुटाचा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण सव्वा फुटाला थोडा कमी एवढा जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज एका मिलिसेकंदाहून किंचित जास्त उशिरा पोचतो. एवढा उशीर पुरतो. कान आधी आलेल्या आवाजाला मानतो आणि सगळा संवाद डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. नायिका पडद्याच्या मध्यात रडतेय आणि रडणं शोकेसजवळून येतंय. दोन फूट म्हणजे सोफ्यावरचा पुढचा माणूस, फार लांबची गोष्ट नाही. आणि बाबा तर दिवाणावर आहेत.

हे गणित जुनंच आहे. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी फिलाडेल्फियात वाजत असलेला ऑर्केस्ट्रा टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला होता, तो तीन वाहिन्यांवर: डावी, मधली, उजवी. सभागृहात सगळेच काही मधल्या खुर्चीत बसत नाहीत, म्हणून मधली वाहिनी. सिनेमाच्या थिएटरांनी तेच उचललं. घरात मात्र ती उशिरा आली. १९८२ च्या डॉल्बी सराउंडमध्ये घरच्या यंत्रांना सेंटर नव्हता, १९८७ च्या प्रो लॉजिकपासून तो मिळायला लागला.

मध्यात बसणाऱ्यालाही सेंटरचा एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. दोन स्पीकरांतून आलेला 'मधला' आवाज प्रत्येक कानाला दोनदा ऐकू येतो: एकदा जवळच्या स्पीकरकडून, आणि साधारण पाव मिलिसेकंदाने लांबच्याकडून. या दोन लाटा सुमारे २००० हर्ट्झच्या आसपास एकमेकींना मारतात. तिथे बरोब्बर व्यंजनांचा मामला असतो. काठ, गाठ, ताठ, पाठ हे शब्द म्हणून बघा. मागचं सगळं तेच, फरक फक्त पहिल्या व्यंजनात, आणि व्यंजनं वेगळी ओळखू येतात ती मुख्यतः हजार हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात. स्वर खालच्या पट्ट्यात असतात आणि तेच आवाजाला भारदस्त करतात. म्हणून होतं असं की माणूस बोलतोय हे चांगलं खणखणीत ऐकू येतं, पण काठ म्हणाला की पाठ, ते कळत नाही. मग आपण आवाज वाढवतो. स्वर वाढतात, व्यंजनं तिथेच, आणि पुढच्या दृश्यात बॉम्ब फुटला की शेजारी उठतात.

आता दुकानदाराच्या त्या स्पीकरकडे येतो. ट्वीटरच्या दोन्ही बाजूंना वूफर ही रचना वाईट नाही. जोसेफ डॅपोलिटो यांनी १९८३ मध्ये तिचा नीट हिशेब मांडला, पण तो उभ्या स्पीकरसाठी. उभा ठेवला की दोन वूफर वर-खाली येतात आणि आवाजाची गडबड छताकडे आणि जमिनीकडे होते, माणसांकडे नाही. टीव्हीखाली जागा नाही म्हणून तोच स्पीकर आडवा झोपवला की ती सगळी गडबड सोफ्याच्या पातळीत येते.

कशी ते बघा. दोन वूफर एकमेकांपासून एक फुटावर आहेत आणि दोन्ही तोच आवाज वाजवतायत. समोर बसलेल्याला दोन्ही सारख्याच अंतरावर. ३० अंश बाजूला बसलेल्याला मात्र एक वूफर दुसऱ्यापेक्षा अर्धा फूट लांब पडतो. ज्या आवाजाची लाट एक फूट लांबीची आहे, तिच्यासाठी अर्धा फूट म्हणजे बरोबर उलटी वेळ: एक वूफर ढकलतो तेव्हा दुसऱ्याचं ओढणं पोचतं आणि आवाज मरतो. एक फुटाची लाट म्हणजे सुमारे ११०० हर्ट्झ. माणसाच्या बोलण्याच्या मध्यात पडलेला खड्डा. तुमच्या बाबांची जागा मी तुमच्या नकाशावर मोजली. ते टीव्हीच्या मध्यरेषेपासून साडेचार फूट बाजूला आणि भिंतीपासून सात फूट पुढे बसतात. म्हणजे कोन तीस अंशांच्या थोडा पुढेच. तो चार वूफरचा स्पीकर, ज्यात लांबचे वूफर आणखीच लांब आहेत, तो तुम्ही ज्यांच्यासाठी घेताय नेमका त्यांनाच सगळ्यात वाईट ऐकू येईल.

उलट बाजूही सांगतो, कारण ही माहिती अर्धवट वाचून लोक उगाच घाबरतात. तुमच्या घरात फक्त तीन जणांचा सोफा असता, तर टोकाचा माणूस दहा फुटांवरून साधारण ११ अंशांवर बसला असता. तिथे हाच खड्डा २८०० हर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि बहुतेक अशा स्पीकरांत तोवर काम ट्वीटरकडे गेलेलं असतं. म्हणजे त्रास जवळजवळ नाहीच. अशा घरात मी दोन वूफरचा साधा आडवा सेंटर बिनधास्त लावतो. दिवाण असला की नाही लावत.

मग तुम्ही काय घ्यायचं? माझी पहिली पसंती थ्री-वे सेंटरला: दोन बाजूंना वूफर, पण मध्ये ट्वीटरच्या खाली किंवा वर एक छोटा मिडरेंज (मधल्या पट्टीचा स्पीकर). यात बोलण्याचा महत्त्वाचा भाग त्या एकट्या मिडरेंजमधून येतो, बाजूचे वूफर फक्त खालचा भाग सांभाळतात, आणि लाटा लांब असल्यामुळे एक-दीड फुटाच्या अंतराने खाली फारसं बिघडत नाही. समोरून जाळी काढून बघितलं की ओळखू येतो: मधल्या भागात एकाखाली एक असे दोन डोळे. दुसरा मार्ग म्हणजे ज्यात ट्वीटर मिडरेंजच्या पोटातच बसवलेला असतो तो. केईएफ कंपनीचे युनी-क्यूवाले स्पीकर तसे असतात. कुठूनही ऐका, आवाज एकाच बिंदूतून येतो. तिसरा आणि खरं तर सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे तुमच्या बाजूच्या स्पीकरसारखाच तिसरा बुकशेल्फ, उभा, मध्ये. पण तो बारा-चौदा इंच उंच असतो आणि आपल्याकडे सहसा जोडीनेच विकतात. टीव्ही एवढा वर न्यायला घरात कुणी तयार होत नाही, मीही आता आग्रह धरत नाही. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आणि आवाज पार जाऊ देणारा विणीचा पडदा आहे, त्यांनी मात्र दुसरं काही बघूच नये. पडद्यामागे तीन सारखे स्पीकर उभे करावेत, कानांच्या उंचीला. त्यांचा हा प्रश्नच मिटतो.

कंपनी कोणती, यावर मी नेहमी एकच सांगतो: तुमच्या बाजूच्या स्पीकरची. जमलं तर त्याच मालिकेतला, म्हणजे ट्वीटर तोच. पडद्यावर एखादी गाडी डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा आवाज तीन स्पीकरांतून प्रवास करतो. मधल्याचा पोत वेगळा असला की गाडी मध्येच बदलल्यासारखी वाटते, रिक्षात बसून निघालेला माणूस बुलेटवरून उतरल्यासारखी. रिसीव्हरचं ऑटो-कॅलिब्रेशन (मायक्रोफोनने मोजून आवाज आपोआप जुळवणं) हे थोडंफार झाकतं, पण समोरचं. बाजूला पसरणारा आवाज ते दुरुस्त करू शकत नाही, म्हणून वरचा तो अकराशे हर्ट्झचा खड्डा कुठल्याही सॉफ्टवेअरने भरत नाही. तुमची मालिका बंद झाली असेल तर त्याच कंपनीची त्याच प्रकारच्या ट्वीटरची शेजारची मालिका बघा: कापडी घुमटाला कापडी, धातूला धातू. वॉटचे आकडे बघत बसू नका. संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती डेसिबल वाजतो तो आकडा बघा. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर.

पैशांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. सेंटर हा बाजूच्या एका स्पीकरच्या दर्जाचा हवाच, जमलं तर वरचढ. समोरच्या जोडीवर हात सैल सोडून सेंटरला उरलेली चिल्लर देणं म्हणजे नाटकात नायकाला शेवटच्या रांगेत उभं करणं.

आता जागा. इथे मी माझी फजिती सांगतो. धंद्यात नवीन होतो. पुण्यातल्या एका बंगल्यात गिऱ्हाइकाने सागवानी युनिट करून घेतलं होतं, सेंटरसाठी कोरलेला खण, पुढे कापडाची जाळी. दिसायला देखणं. मी स्पीकर आत सरकवला, जाळी लावली, चहा घेतला, पैसे घेतले. आठ दिवसांनी फोन: "अहो, हे लोक रांजणात तोंड घालून बोलतायत." दोनदा कॅलिब्रेशन केलं, वायर बदलली, स्पीकर कंपनीकडे पाठवायची भाषा केली. शेवटी त्या घरच्या आजींनी विचारलं, "बाहेर काढून वाजवून बघितलंत का?" बाहेर काढला, टीपॉयवर ठेवला, आवाज मोकळा झाला. मी बघत राहिलो. त्या दिवसापासून मी खणाला आधी हाताने मोजतो आणि मग तोंड उघडतो.

खणात काय होतं? स्पीकरच्या भोवतीची पोकळी स्वतःच घुमायला लागते, पुरुषी आवाजाचा खालचा भाग फुगतो. स्पीकर आत राहिला तर खणाच्या कडांवर आपटून आवाज समोरच्या आवाजात मिसळतो आणि बोलणं धूसर होतं. मागे भोक असलेला स्पीकर असेल तर त्या भोकातून निघालेली हवा पाठीमागच्या प्लायवर फुंकर घालत बसते. तुमच्या नशिबी खणच असता तर मी सांगितलं असतं की स्पीकरचं तोंड खणाच्या कडेच्या बरोबरीने किंवा बोटभर बाहेर आणा, उरलेल्या जागेत फोम कोंबा, मागच्या भोकात जुना मोजा गुंडाळून घाला. ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफर करतोच, त्यामुळे भोक बुजवून काही जात नाही. रिसीव्हरमध्ये खण किंवा डेस्कसाठी काही सेटिंग असेल तर तेही करा. पण तुमच्या खणात मुख्य अडचण वेगळीच आहे, तिथे स्पीकर मान वर करू शकत नाही.

शाळेतलं त्रैराशिक काढा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ३७ इंचांवर धरू. तुमच्या खणाचा तळ ८ इंचांवर, म्हणजे सात इंची स्पीकरचा मध्य साडेअकरा इंचांवर. कान त्याच्यापेक्षा साडेपंचवीस इंच वर. अंतर दहा फूट, म्हणजे १२० इंच. स्पीकर ११ इंच खोल असेल तर त्याचं तोंड कानाकडे करायला पुढची कड सव्वादोन इंचांच्या थोडी वर उचलावी लागेल. खण आठ इंच, स्पीकर सात. उचलणार कुठून? न उचलता ठेवला की ट्वीटर तुमच्या गुडघ्यांना संवाद ऐकवतो, आणि टीपॉयच्या काचेला. उंच पट्टीतला आवाज ट्वीटरच्या समोरच सरळ जातो, बाजूला कमी होत जातो, आणि आपल्याला हवी ती व्यंजनं त्यातच असतात.

आता तेवढाच सात इंची स्पीकर युनिटच्या डोक्यावर ठेवा. तुमचा वरचा पृष्ठभाग २० इंचांवर आहे. स्पीकरचा मध्य साडेतेवीसवर. कान साडेतेरा इंच वर. त्याच त्रैराशिकाने पुढची कड उचलायची फक्त सव्वा इंच. दरवाजाला लावायचे रबरी पाचर मिळतात, ते दोन घ्या आणि पुढच्या कडेखाली सरकवा. रबर असल्यामुळे प्लायला कंपनं कमी जातात हा वरचा फायदा. बरोबर झालं का ते बघायला सोफ्यावर बसा आणि बायकोला किंवा मुलाला स्पीकरच्या वरच्या पाठीवर, पुढे-मागे अशा रेषेत फोन ठेवून तुमच्याकडे रोखायला सांगा. फोनची कड ज्या दिशेला जाते ती तुमच्या चेहऱ्याच्या आसपास आली की झालं. इंच-दोन इंच इकडेतिकडे चालतं, उंचीच्या बाबतीत आपला कान तसा भोळा आहे. आवाज दहा-पंधरा अंश खालून आला तरी ओठ हलताना दिसले की मेंदू तो ओठांना चिकटवून टाकतो. आडव्या दिशेत मात्र तो कसलीच माया दाखवत नाही. म्हणून सेंटर टीव्हीच्या बरोबर मध्यरेषेत हवा, रिमोटच्या डबीला जागा करायला चार इंच बाजूला नको.

युनिटवर ठेवतानाही तोंड कडेच्या अगदी टोकाशी आणा. मागे सरकवून ठेवला की पुढचा मोकळा सनमायका आरशासारखा आवाज परत फेकतो. तिथे गणपतीची मूर्ती, वायफायचा डबा आणि मेडल्स असतात हे मला ठाऊक आहे. त्यांना बाजूला जागा द्या.

तुमच्या घरात याला एकच आडकाठी आहे: टीव्हीची खालची कड २६ इंचांवर, म्हणजे युनिट आणि टीव्हीमध्ये सहाच इंच. सात इंची स्पीकर, वर सव्वा इंच उचल. टीव्ही चार इंच वर घ्या. खालची कड ३० वर येईल, ५५ इंची टीव्हीची उंची साधारण २७ इंच, त्यामुळे पडद्याचा मध्य साडेत्रेचाळीसच्या आसपास. बसलेल्या डोळ्यांपेक्षा थोडा वर, मान दुखण्याइतका नाही.

टीव्हीच्या वर ठेवू का, असं विचारलंत. खाली शक्यच नसेल तेव्हाच. वर ठेवला तर तोंड खाली वाकवावं लागतं आणि स्पीकर मागून पट्टीने बांधावा लागतो, कारण खाली टीव्ही आहे आणि त्याखाली मुलं खेळतात. पुढे वाकलेले सात-आठ किलो वजन नुसत्या भरवशावर ठेवू नका. छतातला सेंटर तर फॉल्स सीलिंगवाले फार प्रेमाने सुचवतात. त्यात पडद्यावरचा माणूस बोलतो आणि ऐकू येते ती आकाशवाणी.

वायरीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची वायर तुमच्या अंतराला भरपूर. फक्त अधिक-उणे बरोबर लावा. उलटं लागलं तर सेंटर वाजतो, पण बाजूच्या स्पीकरशी त्याचं भांडण होतं आणि मध्यातला आवाज पोकळ, पसरट होतो. लाल टोक लालला, एवढं वायर युनिटमागे अंधारात खोचताना दोनदा बघा. मी एकदा नाही, तीनदा चुकलोय, आणि तिन्ही वेळा टॉर्च गाडीत राहिला होता.

जोडून झाल्यावर सेटिंग. सेंटर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचं काम सबवूफरकडे जातं तो आकडा) ८० हर्ट्झ, स्पीकर लहान असेल तर १००. कॅलिब्रेशन करताना मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानांच्या उंचीला ठेवा. पंखा बंद, फ्रिज शक्य असेल तर थोडा वेळ बंद, कुकर नंतर. आणि मोजण्याच्या एका जागेत बाबांचा दिवाण धराच. झाल्यावर आकडे तपासा. काही रिसीव्हर मोठा सेंटर बघून त्याला स्वतःच 'लार्ज' करतात, तो परत 'स्मॉल' करा. मग सेंटरची पातळी दीड-दोन डेसिबल वाढवा. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही, पण थिएटरात पंखा नसतो. त्याहून जास्त वाढवावी लागली तर समजा की गडबड जागेत आहे, पातळीत नाही.

रात्रीसाठी रिसीव्हरमधला नाइट मोड वापरा. मोठे आवाज दाबतो, छोटे उचलतो. तुमच्या शेजाऱ्यांसाठी सेंटरच्या खालोखाल एवढं एकच औषध आहे.

आणि माल सेंटरपर्यंत येतोय का ते बघा. टीव्हीतल्या ॲपवर सिनेमा लावला आणि टीव्हीची ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर असेल, तर बऱ्याच टीव्हींमध्ये रिसीव्हरला नुसता दोन वाहिन्यांचा स्टिरिओ मिळतो. तिथे 'बिटस्ट्रीम', 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा, एचडीएमआय केबल 'एआरसी' लिहिलेल्या खाचेतच घाला, ॲपमध्ये भाषा निवडताना ५.१ लिहिलेली निवडा. सेट-टॉप बॉक्सच्या मेन्यूतही डॉल्बीचा पर्याय असतो, तो अनेकदा बंदच असतो. जुने मराठी सिनेमे आणि बातम्या स्टिरिओच येणार. त्यांच्यासाठी रिसीव्हर 'स्टिरिओ'वर न ठेवता 'डॉल्बी सराउंड' मोडवर (नाव तेच, पण ही १९८२ ची जुनी पद्धत नव्हे) ठेवा, म्हणजे मध्यातलं बोलणं तो वेगळं काढून सेंटरला देतो. खात्री करायची तर उठून सेंटरला कान लावा. दहा हजारांचा की पन्नास हजारांचा हे नंतर, आधी तो बोलतोय का ते बघा.

खोली राहिली. विट्रीफाइड टाइल्स, काचेचं शोकेस, प्लास्टरच्या भिंती: टाळी वाजवा, ती झणझणली तर बोलणंही झणझणणार. पातळ सतरंजीने फारसं होत नाही, सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड गालिचा टाका आणि खिडकीला जड पडदे लावा. टीपॉयची काच सिनेमाच्या वेळी जाड कापडाने झाका किंवा टीपॉय सरकवा. आणि पंखा. पाचवर फिरणारा पंखा सतत एक 'सूं' करत असतो आणि ती सूं स, श, फ यांसारखे हलके आवाज झाकून टाकते. एसी लावून पंखा दोनवर ठेवला तर बाबांच्या अर्ध्या "काय म्हणाला?" तिथेच संपतात. वयानुसार उंच पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, ते कुठल्याच स्पीकरने भरून निघत नाही. एकदा कानांची तपासणी करून घ्यायला हरकत नाही, पण ते स्पीकरच्या खरेदीत ढकलू नका.

दुकानात गेलात की दुकानदार स्फोटांचं दृश्य लावेल. लावू देऊ नका. दोन बायका स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतायत असं काहीतरी लावायला सांगा, बातम्या चालतील. तुम्ही समोर नका बसू, ३० अंश बाजूला जाऊन उभे राहा. मग चालत चालत मध्यात या आणि दुसऱ्या बाजूला जा. चालताना आवाजाचा पोत बदलला, मध्येच नाकात बोलल्यासारखा झाला, तर तो स्पीकर तिथेच सोडा. थ्री-वे मिळाला नाही आणि दोन वूफरवालाच घ्यावा लागला, तर त्यातले वूफर जितके जवळजवळ असतील तितकं बरं. शक्य असेल तर घरी आणून परत करण्याची बोली करून घ्या.

घरी आणल्यावर टीव्ही लगेच वर नेऊ नका. आधी स्पीकर युनिटसमोर स्टुलावर ठेवून, पुढे पाचर लावून, दोन दिवस वाजवा. बाबांच्या जागी तुम्ही बसा, पंखा नेहमीच्या आकड्यावर, आणि त्यांना सोफ्यावर बसवा. पटलं की मगच ड्रिल काढा. जुनी भोकं टीव्हीमागे झाकली जातील, पण तुमच्या फोटोत वायरींची केसिंग पट्टी टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंतच आली आहे. टीव्ही चार इंच वर गेला की तेवढा तुकडा उघडा पडेल. इलेक्ट्रिशियन यायच्या आधी पट्टी आणून ठेवा.